‘पुराच्या पाण्यातून गाडी अशी काढा’: त्या मेसेजला सांगलीतून उत्तर

कोयना धरणाचे दरवाजे उचलल्याची बातमी आली की सांगलीत दोन गोष्टी सुरू होतात. एक, ‘आयर्विनला किती फूट झालं?’ ही विचारपूस, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णा किती चढली. दुसरी, तो मेसेज. यंदा तो माझ्या भाच्याने पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, हे बरोबर आहे का?’ त्याला नवं लायसन्स मिळालंय आणि तो रोज कर्नाळ रोडने ये-जा करतो. नदी चढली की पाणी सगळ्यात आधी येतं अशा रस्त्यांपैकी तो एक. त्यामुळे ‘बघतो नंतर’ म्हणून सोडून देता येईना.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी जड असते, दीड-दोन फूट पाण्यात वाहून जात नाही. पहिल्या गिअरमध्ये न थांबता काढा. एसटी किंवा ट्रक जात असेल तर त्याच्या मागोमाग जा. पाऊस थांबल्यावर तासाभराने निघा. गाडी बंद पडली तर लगेच सेल्फ मारा. टायरची हवा कमी ठेवा, हजार्ड लाइट लावून चाला. आणि आत अडकलात तर हेडरेस्ट काढून काच फोडा, ते त्यासाठीच बनवलेलं असतं.

सगळ्यात घातक वाक्य पहिलं. गाडी जड असते हे खरं, पण पाण्यात ती तेवढी जड राहत नाही. साधा हिशोब करू. छोट्या कारचा तळ साधारण साडेतीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरा. पाणी तळाला टेकल्यानंतर दर 10 सेंटिमीटरला ती गाडी सव्वापाचशे लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे तिचं सव्वापाचशे किलो वजन पाणी उचलून धरतं. छोटी कार असते आठशे-नऊशे किलोची. तळ रस्त्यापासून वीतभर उंच असतो, म्हणजे एक फूट-सव्वा फूट पाण्यात तिचे टायर रस्त्यावर नावापुरते टेकलेले राहतात. दारांच्या फटींतून पाणी आत शिरून ती पुन्हा जड होईल, पण त्याला वेळ लागतो, आणि ओढ असलेलं पाणी तेवढा वेळ देत नाही. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. दोन फूट वाहत्या पाण्यात मोठ्या एसयूव्हीसुद्धा वाहून जातात. स्टिअरिंग फिरवून काही होत नाही, कारण फिरणाऱ्या चाकाला धरायला रस्ताच उरलेला नसतो.

ओढ आहे की नाही हे कसं ओळखायचं? आपल्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस असतो. पुरात फक्त शेंडे दिसतात. सगळे शेंडे एकाच अंगाला झुकून थरथरत असतील तर पाणी रस्ता ओलांडून वाहतंय. शेंडे सरळ उभे असतील तर तो फुगवटा आहे, म्हणजे पाणी नुसतं साचलेलं आहे. पण म्हणून फुगवट्यात गाडी घालावी असं मुळीच नाही. साचलेल्या पाण्याखाली भराव खचलेला असतो, मोरीचा कठडा गेलेला असतो, कडेची चर दिसत नाही. वरून सगळं सपाट, गढूळ, एकसारखं.

पहिल्या गिअरच्या सल्ल्यात खरेपणा आहे, तो नाकारत नाही. रस्ता ओळखीचा आहे, पाणी वाहत नाही, अर्ध्या चाकाच्याही खाली आहे, समोरची कड दिसते आहे, अशा वेळी पहिला गिअर, एकसारखा वेग आणि मधे न थांबणं हेच बरोबर. जोरात घातलीत तर पुढे लाट उठते आणि तेच पाणी इंजिनाच्या हवेच्या तोंडाशी येतं. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर जावं, ते वाळतात. पण मेसेज ही अट सांगत नाही. तो डबक्याचा नियम पुराला लावतो.

एसटीच्या मागोमाग जाण्याबद्दल. एसटीचा तळ उंच, वजन कितीतरी पट, चाकं मोठी. तिला जे पाणी चाकापुरतं, ते आपल्याला बॉनेटपर्यंत. शिवाय ती गेली की मागे लाट सोडते, ती थेट आपल्यावर. आणि मोठी गाडी गेली म्हणजे वाट धड आहे, हेही खरं नाही. कृष्णेसारखीच महाबळेश्वरातून निघणारी सावित्री नदी. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा तिच्यावरचा जुना पूल पुरात कोसळला, त्यात दोन एसटी गाड्या गेल्या. फरशी पुलावर पाणी चढलं असेल तर पुढची गाडी पार झाली ही पावती धरू नका.

‘पाऊस थांबल्यावर तासाभराने निघा’ हे ज्याने लिहिलं तो आमच्या गावचा नसावा. सांगलीत पूर पडत्या पावसात येतोच असं नाही. पाऊस पडतो महाबळेश्वरला, नवजाला, कोयनानगरला. धरणाचं पाणी कृष्णेला मिळून इथवर यायला वेळ लागतो. त्यातून हरिपूरला वारणा भरलेली असली की कृष्णेला पुढे सरकायला जागा मिळत नाही. इथे लख्ख ऊन पडलेलं असतं, लोक कपडे वाळत घालतात, आणि पाणी तासातासाला इंच-इंच चढत असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ ते 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 आहे. तेव्हा आभाळाकडे बघून निघू नका. आयर्विनचे फूट बघा, कोयनेचा विसर्ग बघा, आणि सकाळी गेलेला रस्ता संध्याकाळी मोकळा असेल असं समजू नका.

आता सेल्फ. महापुरानंतर मी ओळखीच्या एका मेकॅनिककडे बसलो होतो. एका गिऱ्हाइकाची कार उघडलेली. त्याने डिपस्टिक काढून दाखवली, ऑईल दूध घातलेल्या चहासारखं झालं होतं. मग एक कनेक्टिंग रॉड हातात दिला. बोटभर जाडीचं पोलाद, केळीच्या फण्यातल्या केळ्यासारखं वाकलेलं.

त्याने गिऱ्हाइकाला विचारलं, “दादा, बंद पडल्यावर सेल्फ मारला होता का?”

“चार-पाच वेळा मारला.”

“नसता मारला तर नुसतं पाणी काढून, ऑईल बदलून भागलं असतं.”

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, आणि मधला रॉड वाकतो. नेहमीच्या विम्यात पुराचं नुकसान धरलेलं असलं तरी अशा इंजिनाचा दावा बऱ्याचदा नाकारला जातो, त्यासाठी इंजिनाचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. गाडी पाण्यात बंद पडली तर चावी काढा, माणसं उतरवा, कोरड्या जागी जा. गाडी नंतर ओढून आणता येते.

टायरची हवा कमी करणं साफ उलटं आहे. ओल्या रस्त्यावर वेगात टायर पाण्याच्या थरावर तरंगतो, आणि हवा कमी असेल तर तो कमी वेगातच तरंगायला लागतो. कंपनीने सांगितलेली हवा ठेवा आणि खाच 1.6 मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर पावसाळ्याआधीच बदला. हजार्ड लाइट थांबलेल्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीत ते लावले की तुम्ही वळताय की सरळ जाताय हे मागच्याला कळत नाही. पावसात हेडलाइट लावा, डिपरवर.

राहिलं हेडरेस्ट. ते मान सांभाळायला बनवलेलं आहे, काच फोडायला नाही. मी आणि भाचा रविवारी गाडीत बसून करून बघितलं. पुढचं हेडरेस्ट निघायला पाठ मागे टाकावी लागली, खटका दाबून दोन्ही हातांनी ओढावं लागलं. मागचं निघालंच नाही, वर छताला अडलं. हे सगळं भर उन्हात, अंगणात, पाण्याचा थेंब नसताना. कितीतरी गाड्यांत तर पुढचं हेडरेस्ट सीटला जोडूनच येतं.

म्हणून क्रम असा ठेवायचा: पाण्यात गाडी हलली, तरंगली असं वाटताच सीटबेल्ट काढा आणि काच खाली करा. पॉवर विंडो पाण्यात लगेच मरत नाहीत, तो सुरुवातीचा मिनिट आपला असतो. दार उघडायच्या धडपडीत तो घालवू नका, बाहेरचा दाब ते उघडू देत नाही. आधी मुलं बाहेर, मग आपण, मग टपावर, मग 112. काच खाली गेलीच नाही तर बाजूची काच कोपऱ्यात टोकदार हातोडीने फोडायची. पुढची मोठी काच फोडू नका, ती दोन थरांची असते, तडकते पण पडत नाही.

हातोडी मी त्याच दिवशी आणली. भाच्याने ती डिकीत ठेवली होती, मी काढून ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात ठेवली.