‘असले फोटो माझ्या मोबाइलमध्ये शेकड्यांनी पडलेत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

या हिवाळ्यात कोणती कला आणि छायाचित्र प्रदर्शनं पाहावीत यावर मी लिहिलं, त्यावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं, यादी मुंबईतल्या उच्चभ्रूंसाठी आहे, सामान्य माणसाला त्यातलं काही कळत नाही, सुट्टीचे वार दिलेले नाहीत, आणि ‘असले फोटो माझ्या मोबाइलमध्ये शेकड्यांनी पडलेत, फ्रेम केली म्हणून त्याची कला होत नाही.’ शेवटी, ‘मॅडम, जरा अभ्यास वाढवा.’

आधी या शेवटच्या वाक्याबद्दल. मतभेदाला माझी कधीच हरकत नव्हती. पण ज्या व्यक्तीशी आयुष्यात दोन शब्द बोलला नाहीत, तिला परस्पर अभ्यास वाढवायला सांगणं याला टीका म्हणत नाहीत, उद्धटपणा म्हणतात. ‘मला हे पटलं नाही, कारण असं’ एवढं लिहिलं असतंत तर मीही निवांत उत्तर दिलं असतं. मराठीत लिहिणाऱ्या बाईला दिसेल त्याने शिकवायचं, ही सवय आता सुटायला हवी.

सुट्टीच्या वारांचं मान्य. काळा घोड्याजवळचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (एनजीएमए) सोमवारी बंद असतं, भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. लेखात आता जोडलं आहे. उच्चभ्रूंच्या मुद्द्यावर फार बोलत नाही. जहांगीर कलादालनाला तिकीट नाही आणि दारात कुणी तुमची पदवी विचारत नाही.

आता मोबाइल.

माझ्या वडिलांचा कराडला फोटो स्टुडिओ होता. शाळेतून आले की मी डार्करूममध्ये त्यांच्या हाताखाली असायची. लाल दिव्यात डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागद हलवायचा, आधी केस आणि भुवया उमटतात, चेहरा मागाहून येतो. मग हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, मग पाणी, मग चिमटे लावून तारेवर वाळत. मोठ्या ऑर्डरच्या निगेटिव्हवर वडील टोकदार पेन्सिलीने रिटचिंग करायचे, भिंग लावून, श्वास रोखून. आणि लग्नाचा अल्बम न्यायला आलेला माणूस हमखास म्हणायचा, ‘बटण तर दाबायचं असतं, एवढे कसले पैसे?’ वडील काही बोलायचे नाहीत. मला तेव्हाही राग यायचा. तुमचं वाक्य वाचून तोच राग आला, हे लपवत नाही. तेव्हा फोटो म्हणजे काय याचा अभ्यास मी तुमच्या सांगण्याच्या पुष्कळ आधीपासून करते आहे.

तुम्ही विचाराल, तो धंदा झाला, कलेचं काय? लेखात मी छायाचित्रकार गौरी गिल यांचं काम जिथे मिळेल तिथे पाहा असं लिहिलं होतं. त्या उल्लेखावर तुम्ही एक अक्षर काढलेलं नाही, म्हणून सांगते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड यांच्याबरोबर त्या गावभर हिंडल्या. वांगड प्रत्येक जागेची गोष्ट सांगत होते आणि त्या फोटो काढत होत्या. नंतर कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे सगळ्या निगेटिव्हचे छोटे ठसे एकत्र असलेला कागद, पाहताना त्यांच्या लक्षात आलं की जमीन आली, झाडं आली, पण वांगडांना तिथे जे दिसतं ते कॅमेऱ्यात आलेलंच नाही. मग त्या कृष्णधवल छायाचित्रांवरच वांगडांनी रेखाटायला घेतलं. शेत आणि आकाश फोटोतलं, आणि त्यावर बारीक रेषांत माणसं, जंगल, गावाची आठवण. 2013पासून दोघं मिळून हे करत आले आहेत. आपल्या कॅमेऱ्याला काय दिसत नाही हे ओळखणं आणि ती जागा दुसऱ्याच्या हाती सोपवणं, हे तुमच्या मोबाइलमधल्या शेकडो फोटोंपैकी किती फोटोंत घडलंय?

गिल यांचं जव्हारचं कामही तसंच. तिथले कारागीर बोहाड्यासाठी, म्हणजे मुखवटे घालून नाचण्याच्या तिथल्या उत्सवासाठी, कागदाच्या लगद्याचे देव-दानवांचे मुखवटे करतात. गिल यांनी सुभाष आणि भगवान कडू या भावांना आणि त्यांच्या साथीदारांना सांगितलं, आता आजच्या जगण्याचे मुखवटे करा. ते घालून गावातलीच माणसं आपल्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या कपड्यांत कॅमेऱ्यासमोर आली. प्रसंग साधे, मुखवट्यामुळे नजर खिळते. 2018मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएस1 या कलासंग्रहालयात हे लागलं होतं. पालघर जिल्ह्यातल्या माणसांनी घडवलेलं काम तिथले लोक उभे राहून पाहतात, आणि आपण इथे बसून ते ‘सामान्य माणसाला कळत नाही’ म्हणतो. जव्हारची माणसं सामान्य नाहीत का?

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांचंच घ्या. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे त्यांचे कृष्णधवल फोटो पाहा. गटारात उतरणारा माणूस तुम्हाआम्हाला रोज दिसतो, मोबाइल रोज खिशात असतो. काढला का कधी त्याचा फोटो? काढला असेल तर पुन्हा त्याच्या घरी गेलात, त्याच्या बायकोशी बोललात, वर्षानुवर्षं त्या वस्तीत जात राहिलात? छायाचित्रकाराचं काम ते असतं. फ्रेम सगळ्यात शेवटी येते.

बाकी ‘आमच्या गावात असं काही होत नाही, त्याचं काय’ वगैरे तुम्ही लिहिलं आहे, तो वेगळा विषय आहे, इथे त्यात शिरत नाही.

पुढचा लेख कोचीच्या बिनाले या कलाप्रदर्शनावर आणि पणजीत डिसेंबरात होणाऱ्या सेरेंडिपिटी कलामहोत्सवावर असेल. त्यातही छायाचित्रं भरपूर असणार. प्रतिक्रिया जरूर द्या, पण एखादं प्रदर्शन प्रत्यक्ष पाहून, आणि कोणता फोटो का फसला ते लिहून द्या. माझ्या अभ्यासाची काळजी करणारी प्रतिक्रिया यापुढे प्रकाशित होणार नाही.