भिजलेला कॅमेरा तांदळात पुरू नका

पाऊस लागला की नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. कॅमेरा पाण्यात पडला तर आधी चालू होतो का बघा, हेअर ड्रायरची गरम हवा मारा, रात्रभर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा, सकाळी कॅमेरा नव्यासारखा! अंजनेरीला, हरिहरला, दुगारवाडीच्या धबधब्यावर कॅमेरा घेऊन जाणारी पोरं हे खरं मानून तसंच करतात, आणि वाचू शकला असता असा कॅमेरा हातचा जातो.

यातला सगळ्यात घातक सल्ला पहिलाच. शुद्ध पाण्यातून वीज जेमतेम वाहते, पण गोदावरीचं काय, नळाचं काय, त्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. अशा पाण्याने भिजलेल्या सर्किटला वीज मिळाली की शॉर्ट होण्याची भीती असतेच, शिवाय तांब्याच्या केसासारख्या रेषा झपाट्याने खाल्ल्या जातात. म्हणून चालू करून बघायला बटणाला हात लावायचा नाही. चालू असेल तर बंद करा आणि त्याच क्षणी बॅटरी बाहेर काढा. नुसतं बंद करून भागत नाही. बंद कॅमेऱ्यातही काही भागांना बॅटरीतून वीज जातच असते. मग मेमरी कार्ड काढा, लेन्स काढा. कार्डाचं फार टेन्शन घेऊ नका, पुसून पूर्ण वाळवलं तर त्यातले फोटो बहुतेक वेळा शाबूत मिळतात. भिजलेली बॅटरी मात्र चार्जरला लावू नका.

हेअर ड्रायरची हवा बाहेरचं पाणी फटींतून आत ढकलते. त्यातून ती गरम. लेन्सच्या आतलं ग्रीस पातळ होऊन प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या पात्यांवर (ॲपर्चरवर) उतरलं की ती चिकटतात. पंख्याची साधी हवा बरी. सगळी झाकणं उघडी ठेवा, लेन्स बसते ते तोंड खाली करा, आणि कॅमेरा झटकू नका.

आता तांदूळ. आषाढ-श्रावणात घरातल्या डब्याचे तांदूळ स्वतःच दमट असतात, ते दुसऱ्याची ओल काय ओढणार? शिवाय पोरकिडे लागू नयेत म्हणून आपल्याकडे तांदळाला एरंडेल किंवा बोरिक पावडर चोळून ठेवतात. ती पावडर, कोंडा आणि तुकडा कणी बॅटरीच्या कप्प्यात नि पोर्टांत शिरते आणि ओल्या जागी चिकटून बसते. ॲपलनेही 2024 मध्ये भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका, बारीक कणांनी नुकसान होऊ शकतं, असं स्पष्ट सांगितलं. काही वापरायचंच असेल तर बंद डब्यात भरपूर सिलिका जेल ठेवा. बुटांच्या खोक्यातल्या दोन पुड्यांनी काही होत नाही.

पण समजा, तांदळाने पाणी शोषलंही, तरी मेसेजचा मूळ समज चुकीचाच राहतो. वाळला म्हणजे वाचला, असं नसतं. पाणी उडून जातं. क्षार आणि गाळ तिथेच बसतात. पुढे हवेतली ओल लागली की तेच क्षार पुन्हा धातू खायला लागतात. पावसाळ्यात भिजलेला आणि 'ठणठणीत झालेला' कॅमेरा दिवाळीत अचानक दगा देतो, तो यामुळे. जाणकार दुरुस्तीवाल्याने असा कॅमेरा उघडला की कनेक्टरच्या पिनांवर हिरवट-पांढरी भुकटी दिसते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुऊन काढावी लागते. हे काम जितकं लवकर होईल तितकं चांगलं, आणि तांदळात घालवलेली रात्र नेमका हाच वेळ खाते.

मेसेजच्या एका आवृत्तीत घरीच स्क्रू काढून आतून पुसायला सांगितलंय. फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात हे अजिबात करू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे 300 व्होल्ट साठलेले असतात आणि बॅटरी काढली तरी ते बराच वेळ टिकू शकतात. झटका जीवघेणा ठरू शकतो.

नाशिकमध्ये असाल तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता कॅमेरा दुरुस्तीला द्या. देताना पाणी कुठलं होतं, नदीचं, नळाचं की समुद्राचं, आणि भिजल्यावर कुणी तो चालू केला होता का, हे खरं सांगा. कुठून उघडायचं आणि किती धुवायचं, हे दुरुस्तीवाला त्यावरूनच ठरवतो.