‘फुप्फुस म्हणजे खाजन नव्हे’ म्हणणाऱ्या वाचकास

उंचीवर फुप्फुसात पाणी कसं साचतं, हे मी लेखात खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या भातशेतीच्या, उपमेने सांगितलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचून राग आला. म्हणून आधी जेवून घेतलं, मग पुन्हा वाचली. राग तेवढाच राहिला.

तुमचे आक्षेप तीन: ऑक्सिजनचं प्रमाण मी चुकीचं लिहिलं, उंचीवर जाताना घेतात त्या डायमॉक्स गोळीबद्दल चुकले, आणि ‘अहो बाई, फुप्फुस म्हणजे खाजन नव्हे, बालिश उपमा देऊन लोकांना घाबरवू नका.’

पहिलं मान्य. लेहलाही हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो, कमी होतो तो हवेचा दाब. ती ओळ बदललीय. झालं समाधान?

आता ‘बालिश’. आमचं घर गोव्यातल्या दिवाडी बेटावर. खेकड्याच्या बिळातून भरतीचं पाणी बांधात कसं शिरतं आणि सकाळी भातात खारं पाणी कसं उभं असतं, ते मी गुडघाभर चिखलातून पाहिलंय. तुम्ही खाजन बहुधा हायवेवरूनच पाहिलं असावं. उंचीवर ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, पण सगळ्या सारख्या नाहीत. जिथे आवळत नाहीत तिथे सगळा दाब जातो, केशवाहिन्या पाझरू लागतात नि वायुकोशांत पाणी साचतं. हृदय बिचारं ठणठणीत असतं. याला बांध पाझरणं नाही तर काय म्हणायचं?

आणि घाबरवणं म्हणाल, तर माझा चुलतभाऊ 28 वर्षांचा, रोज पहाटे मिरामारच्या किनाऱ्यावर धावणारा. आदल्या रात्री गोव्यात मासे खाल्ले, सकाळी लेह, साडेतीन हजार मीटर. दुसऱ्याच दिवशी त्याहून उंच खारदुंग ला खिंड. त्या रात्री आडवा झाला की गुदमरायचा, म्हणून भिंतीला टेकून बसला. मी त्याच्या पाठीला कान लावला, तर केस बोटांत चोळावेत तसा चुरचुर आवाज. पहाटे थुंकी गुलाबी, फेसाळ. ऑक्सिजन लावून खाली आणला म्हणून वाचला. 1962 च्या युद्धात घाईने उंचावर नेलेल्या धडधाकट जवानांनाही हेच झालं होतं. तेही घाबरट होते का?

डायमॉक्स मुख्यतः उंचीवरच्या डोकेदुखी-मळमळीसाठी, हे मलाही ठाऊक आहे. लेखात जागा नव्हती. तो विषय इथेच सोडते.

टोपणनावाआडून ‘अहो बाई’ म्हणायला काही लागत नाही. दिवाडीला या. चालत येणाऱ्याला फेरीबोट फुकट आहे, बांध दाखवते.