तारण झालं म्हणजे कर्ज फिटतं का?

आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतो आहे. ज्याचं तारण झालं, म्हणजे येशूवरच्या विश्वासाने उद्धार झाला, त्याच्या घरात आजार, कर्ज, गरिबी राहूच शकत नाही, असं त्यात म्हटलं आहे. बायबलमधल्या इफिसकरांस पत्र 1:3 प्रमाणे प्रत्येक आशीर्वाद आपला आहे. येशूने शाप, दारिद्र्य आणि रोग स्वतःवर घेतले, म्हणून हक्क सांगा. विश्वासाने दान पेरा, शंभरपट मिळेल. आणि मिळत नसेल तर तुमचा विश्वास कमी आहे किंवा घरात पाप लपलं आहे.

हे शेवटचं वाक्य आमच्या मंडळीतल्या एका बाईने वाचलं. आठवड्यातून दोनदा तिचं डायलिसिस असतं. उपासना संपल्यावर तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "माझंच काही चुकलं का हो?" म्हणून हे लिहायला बसलो.

सुरुवात इफिसकरांस 1:3 पासूनच करू, कारण सगळी इमारत तिथे उभी केली आहे. त्या वचनात 'आध्यात्मिक आशीर्वाद' असे शब्द आहेत आणि ते स्वर्गातले आहेत. संदेशात 'आध्यात्मिक' हा शब्द गाळला आहे. शिवाय हे आशीर्वाद कोणते, याचा अंदाज बांधायची गरजच नाही, हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने ते पुढे सांगितले आहेत. मूळ ग्रीकमध्ये तिसऱ्यापासून चौदाव्या वचनापर्यंत एकच सलग वाक्य आहे, जणू त्याला थांबवत नाही. जगाच्या स्थापनेपूर्वी झालेली निवड. दत्तक घेतलं जाणं, म्हणजे देवाच्या घरात मुलाचा हक्क. ख्रिस्ताच्या रक्ताने खंडणी भरून मिळालेली मुक्ती आणि अपराधांची क्षमा. देवाच्या संकल्पाचं रहस्य कळणं. वतन. आणि त्या वतनाचा विसार म्हणून पवित्र आत्म्याचा शिक्का. या यादीत ना घर आहे, ना गाडी, ना फिटलेलं कर्ज.

आणि हे लिहिणारा माणूस कुठे होता? त्याच पत्रात तो स्वतःला बंदिवान म्हणवतो, सहाव्या अध्यायात बेड्यांचा उल्लेख करतो. 'आशीर्वादित केलं आहे' असं तो बेड्यांत असताना लिहितो, आणि तेही झालेली गोष्ट म्हणून. जे देऊन झालं आहे ते दान पेरून विकत कसं घ्यायचं?

शापाचा मुद्दा गलतीकरांस 3:13 मधला. ख्रिस्त आमच्यासाठी शाप झाला, हे खरंच आहे आणि त्यावरच आमचा जीव आहे. पण चौदावं वचन त्याचं कारण सांगतं: अब्राहामाचा आशीर्वाद परराष्ट्रीयांपर्यंत, म्हणजे यहूदी नसलेल्यांपर्यंत, पोहोचावा आणि आत्म्याविषयीचं वचन आपल्याला विश्वासाने मिळावं. एक वचन पुढे वाचायचे कष्ट घेतले असते तरी पुरे होतं.

दारिद्र्याच्या मुद्द्यामागे येशूविषयीचं वचन आहे, 'तो धनवान असता तुमच्यासाठी दरिद्री झाला', हे दुसरे करिंथकर 8:9. हा अध्याय आहे वर्गणीचा. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौल मदत गोळा करत होता, आणि मासेदोनियातल्या मंडळ्यांनी कमालीच्या दारिद्र्यातून भरभरून दिलं, असं तो त्याच अध्यायात कौतुकाने लिहितो. तारण झाल्यावर गरिबी राहत नसती, तर यरुशलेमेचे पवित्र जन गरीब का होते? पौलाने त्यांना 'विश्वास वाढवा' असं कळवलं नाही. त्याने पैसे जमवले.

शंभरपटीचं वचन मार्कच्या दहाव्या अध्यायात आहे. त्याच वाक्यात 'छळणुकीबरोबर' हा शब्द आहे, तो संदेशात नाही.

रोगांबद्दल मात्र जपून बोललं पाहिजे. 'त्याने आमचे रोग वाहिले' हे यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातलं वचन मत्तयाने येशूच्या रोगी बरे करण्याला लावलं आहे. देव आजही बरं करतो असं मी मानतो, आजाऱ्यावर तेल लावून प्रार्थना करतो. पण आज प्रत्येक शरीर बरं झालंच पाहिजे, असं प्रेषितांनी कधी शिकवलं नाही. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी व्यथा, दूर व्हावी म्हणून तीनदा विनंती केली, उत्तर आलं: माझी कृपा तुला पुरे. सोबती त्रफिम आजारी होता म्हणून पौलाने त्याला मिलेत शहरात ठेवलं. तरुण सहकारी तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. यांच्यापैकी कोणाचा विश्वास कमी होता? रोमकरांस 8:23 तर स्पष्ट म्हणतं की आत्म्याचं प्रथमफळ मिळालेले आपणही कण्हत आहोत, शरीराच्या मुक्तीची वाट पाहत आहोत.

लपलेल्या पापाचा आरोप जुनाच आहे. संकटात सापडलेल्या नीतिमान ईयोबावर त्याच्या मित्रांनी तो केला आणि देवाने त्यांनाच दोष दिला. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं? येशू म्हणाला, याचंही नाही, याच्या आईबापांचंही नाही.

आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावला दुष्काळातल्या मुलींना आणि विधवांना आसरा दिला, त्या जागेचं नाव 'मुक्ती'. उतारवयात ऐकू येईनासं झालं होतं, तरी बायबलच्या मराठी भाषांतराला त्या चिकटून राहिल्या. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. हा संदेश लिहिणाऱ्याने केडगावला उभं राहून सांगावं, या बाईच्या घरात पाप लपलं होतं.

गेल्या गुरुवारी त्या डायलिसिसवाल्या बाईकडे जाऊन आम्ही इफिसकरांसचा पहिला अध्याय तिसऱ्या वचनापासून वाचला. 'विसार' शब्दाशी तिने थांबवलं. उपचारासाठी तिने एक एकर विकलं आहे, विसारपावतीवर अंगठा उठवलेला आहे. "म्हणजे सौदा पक्का," ती म्हणाली, "पण ताबा अजून यायचाय." मी हो म्हणालो. "मग माझं काही चुकलं नव्हतं," असं म्हणून तिने उशाची दवाखान्याची फाईल पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला निघायचं होतं.