तीन वेळा ‘सॉरी’ कशाला?

आज दुपारी टीममधल्या एका मुलाचा मेसेज आला. ‘मॅडम सॉरी, बाळाला ताप आहे, बायकोची रजा संपलीय, उद्या अर्धा दिवस मिळेल का? सॉरी, रात्री बसून काम भरून काढतो. सॉरी.’ बाळाला ताप आला, यात याचा काय गुन्हा?

मला एकदम बाबांच्या ऑपरेशनचा दिवस आठवला. हॉस्पिटलच्या जिन्यात, पायरीवर बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन मी कॉलवर होते. वर डॉक्टर बाहेर आले, बोलून गेले. ते काय म्हणाले ते मला आईकडून कळलं. आणि त्या दिवशी मी रजेवर होते. मंजूर झालेल्या रजेवर! ‘दोनच मिनिटं’ म्हणून बोलावलं होतं.

म्हणून सांगते, रजा मंजूर केली की जबाबदारी संपली असं नसतं. त्या माणसाचं काम त्या दिवशी कोण बघणार, हे ठरवलं तर ती मदत. तेच कुणी ठरवत नाही. काम तसंच पडून राहतं, परत आल्यावर दुप्पट अंगावर येतं. मग माणूस रजाच मागेनासा होतो आणि वरचे म्हणतात, आमच्याकडे कुणाची तक्रार नाही!

वेलनेसची व्याख्यानं नकोत हो. पुढच्या आठवड्याच्या शिफ्ट आधी कळवा. घरी जायच्या वेळेला मीटिंग लावू नका. कारखान्यांसाठी आठ तासांच्या दिवसाचा आंतरराष्ट्रीय करार १९१९ सालचा आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कामाची वेळ संपल्यावर ऑफिसच्या फोन-मेलपासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. म्हणजे हे काही आकाशातले तारे मागणं नाही.

काही कामं चोवीस तास चालतात, मान्य. पण तिथे निदान पुढच्या माणसाकडे चार्ज द्यायची पद्धत तरी असते. खोटं सांगून रजा घेणारेही असतात. असतील. त्यांच्यापायी बाकीच्यांनी गयावया का करायची?

लिहिता लिहिता एक गोष्ट आठवली आणि हात थांबला. गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी मीच या मुलाला फोन केला होता. पहिल्या रिंगला उचलला त्याने. मागे बाळ रडत होतं. आणि मी म्हणाले होते, ‘दोनच मिनिटं.’ अगदी तेच शब्द. जिन्यातल्या त्या पायरीवर मी त्याला बसवलं, आणि माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

त्याला कळवलंय, उद्या पूर्ण दिवस घे, सकाळचा कॉल आणि रिपोर्ट दोन्ही मी बघते, रात्री काही भरून काढायचं नाही. फोन बंद ठेव म्हटलंय. डॉक्टर बाळाबद्दल जे सांगतील ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकावं.