नुसती घरातच होती म्हणे!

आज माईचं, माझ्या आजीचं, वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकली आणि एक नातेवाईक (नाव घेत नाही, इथे लिस्टमध्येच आहेत) हात पुसत म्हणाले, "बिचारीनं काय पाहिलं आयुष्यात, नुसती घरातच होती." आईनं डोळ्यांनी दटावलं म्हणून तिथे गप्प बसलो, पण डोकं अजून तापलंय.

हो, होती घरातच. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या आमच्या दीड खोलीत. पण त्या दीड खोलीत पहाटे स्टोव्ह पेटायचा आणि खंडवा-बुऱ्हाणपूरहून जीएसआयटीएस इंजिनीअरिंग कॉलेजला शिकायला आलेल्या पोरांचे डबे भरले जायचे, प्रत्येक डब्याच्या कडीला वेगळ्या रंगाचा दोरा, कारण कोणाचा शनिवार, कोणाला कांदा चालत नाही, कोणाला तिखट सोसत नाही, हे सगळं तिला तोंडपाठ. दाराच्या मागच्या बाजूला खडूनं बीसीचा, म्हणजे भिशीचा, हिशेब लिहिलेला. गल्लीत बाळंतपण असो की मयत, पहिली हाक माईला.

नव्वदीच्या सुरुवातीला हुकुमचंद ही कापडाची मिल बंद पडली तेव्हा त्या गल्ल्यांचं काय झालं ते इंदूरच्या लोकांना मी काय सांगू. समोरच्या काकांची नोकरी गेली. काकी मालव्यातली, भारी मानी, माईनं पाठवलेलं पीठ तिनं तसंच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी माई तिच्या दारात जाऊन म्हणते, "बहू, मेरे हाथ से अब रोटी नहीं बिलती, सुबह आ जाया कर, महीने का जो होगा देख लेंगे." हात ठणठणीत होते हो तिचे! रात्री पाट्यावर चटणी वाटताना मी बघायचो ना. आणि सकाळी काकी आली की आई गं आई गं करत मनगट चोळत बसायची.

कडक होती, सुनांना सुखानं बसू दिलं नाही, मान्य. आईनं फार ऐकून घेतलंय. पण ती काकी महिन्याच्या महिन्याला पैसे मोजून पदरात बांधून ताठ मानेनं घरी जायची, हे कोणी केलं?

हुकुमचंद मिलच्या कामगारांचे थकलेले पैसे कोर्टकचेऱ्या होऊन शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये सुटले. तीस वर्षं! कितीतरी जण वाट बघत गेले. एवढी वर्षं त्या घरांतल्या चुली कोणी पेटत्या ठेवल्या, सांगा ना. अशाच "घरातच" असलेल्या बायकांनी! आणि मिल बंद तरी अनंत चतुर्दशीला मिरवणुकीत मिलच्या झांक्या (सजवलेले देखावे) निघतच होत्या, चंद्यावर. चंदा मागायला पोरं आली की माई डब्यांच्या पैशातून काढून द्यायची, वर त्यांना चहा पाजायची.

अहिल्याबाईंचं नाव आपण विमानतळाला दिलं, विद्यापीठाला दिलं, पालखी काढतो, मीही डोकं टेकवतो. आणि घरातल्या बाईनं अख्खी गल्ली सांभाळली तर ती बिचारी?

असो. लिहिता लिहिता राग उतरला, आता नुसती आठवण येतेय. काकी गेल्या वर्षी माईच्या दहाव्याला आली होती, मुलाचा हात धरून. आईला म्हणाली, "हाथ तो उनके अच्छे-भले थे, मुझे पहले दिन से पता था."

तिच्या डब्यावर शिकलेले कोणी इथे असाल तर खाली लिहा, तुमचा दोरा कोणत्या रंगाचा होता तेही. उद्या आईला वाचून दाखवणार आहे. आणि त्या नातेवाइकांनाही.