साठ सामन्यांचा हंगाम कुणी तारला?

अमेरिकेतल्या २०२०च्या मेजर लीग बेसबॉलचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "साठ सामन्यांचा तो कसला हंगाम! डॉजर्सचं ते विजेतेपद अर्धंच धरायचं." एरवीचा हंगाम १६२ सामन्यांचा, आणि लॉस एंजलिसच्या डॉजर्सनी जिंकलेला हा अवघ्या साठांचा, एवढीच ही तक्रार. मला हे अजिबात पटत नाही. करोनाच्या त्या उन्हाळ्यात ९००पैकी ८९८ सामने झाले. ते कसे झाले हे नीट पाहिलं तर वाद विजेतेपदाचा उरतच नाही, राखीव खेळाडूंच्या हिशेबाचा होतो.

आधी साठ हा आकडा कुठून आला ते. १२ मार्चला सराव सामने थांबले. हंगाम २६ मार्चला सुरू व्हायचा होता, त्याच दिवशी संघमालक आणि खेळाडू संघटना यांच्यात करार झाला. जितके सामने होतील त्या प्रमाणात पगार, १७ कोटी डॉलर आगाऊ, आणि हंगाम झालाच नाही तरी वर्षाचा सेवाकाल धरायचा. सेवाकालावर खेळाडू मोकळ्या बाजारात कधी जाणार हे ठरतं, त्यामुळे संघटनेला तो पैशाइतकाच महत्त्वाचा होता. पुढे मालक म्हणू लागले की प्रेक्षक नाहीत म्हणजे तिकीट नाही, पार्किंग नाही, बिअर नाही, तेव्हा या प्रमाणशीर पगारातही कपात हवी. संघटनेने ११४ सामने मागितले, मालक ८२, ७६, ७२ असे उतरत गेले. जून गेला या घासाघिशीत. शेवटी आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी आपल्या अधिकारात ६० सामने जाहीर केले. प्रत्येक जादा सामन्याला मालकाच्या खिशातून पगाराचा १६२वा हिस्सा जातो, आणि टीव्हीचा मोठा पैसा असतो ऑक्टोबरच्या बाद फेरीत. एवढं लक्षात घेतलं की हा आकडा समजायला साथरोगतज्ज्ञ लागत नाही.

शंभरावर पानांची नियमावली आली. थुंकायचं नाही, तंबाखू नाही, सूर्यफुलाच्या बिया नाहीत (बेसबॉलच्या डगआउटमध्ये ही खरी क्रांती), टाळ्या देणं नाही. पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) बोटं चाटायची नाहीत, त्याऐवजी मागच्या खिशात पाण्याने ओला केलेला फडका ठेवायचा. फटका लागून अनेक हातांत फिरलेला चेंडू बाद. त्या दिवशी न खेळणारे राखीव खेळाडू रिकाम्या गॅलरीत अंतर ठेवून बसणार. पंचांशी हुज्जत घालायची तर सहा फुटांवरून. सामन्यादरम्यान व्हिडिओ खोलीत जाऊन आपली बॅटिंग पाहणंही बंद झालं. जे. डी. मार्टिनेझसारखा बॅटर, जो दोन फेऱ्यांमध्ये आपला स्विंग तपासत असे, त्या वर्षी .२१३च्या बॅटिंग सरासरीवर घसरला आणि त्याने याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली.

या सगळ्याचा कणा म्हणजे चाचणी. दिवसाआड लाळेचा नमुना घ्यायचा, तो युटामधल्या सॉल्ट लेक सिटीच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. ही प्रयोगशाळा आधी उत्तेजक द्रव्यांच्या चाचण्या करत होती. निकाल २४ तासांत मिळावा अशी अपेक्षा होती. दुखणं इथेच होतं. दिवसाआड नमुना, वर वाहतुकीचा आणि तपासणीचा वेळ, आणि विषाणू अंगात शिरल्यावर चाचणीत दिसायला लागणारे दिवस. हे तिन्ही एकत्र धरले तर हातात आलेला 'निगेटिव्ह' कागद दोन-तीन दिवस शिळा असतो. ४ जुलैच्या सुट्टीत नमुने अडकले, तेव्हा नॅशनल्स, अ‍ॅस्ट्रोज, कार्डिनल्स या संघांना सराव रद्द करावे लागले. हंगाम तेव्हा सुरूही झाला नव्हता.

२३ जुलैला तो सुरू झाला, आणि चार दिवसांत मायामी मार्लिन्सचा फुगा फुटला. संघ फिलाडेल्फियात होता. चार खेळाडू बाधित असल्याचं माहीत असूनही २६ तारखेचा सामना खेळला गेला. थोड्याच दिवसांत बाधित खेळाडूंची संख्या १८वर गेली. तीस जणांच्या संघातले अठरा! संघ हॉटेलात कोंडला गेला, त्यांच्याशी खेळलेल्या फिलाडेल्फियाच्या फिलीजनाही आठवडाभर खेळता आलं नाही. त्यानंतर नियम कडक झाले: प्रवासात कापडी मास्कऐवजी सर्जिकल मास्क, परगावी हॉटेलाबाहेर पडायचं नाही, प्रत्येक संघासोबत नियम पाळले जातायत का हे पाहणारा एक माणूस.

पण नियम कितीही कडक केले तरी मैदानावर नऊ जण लागतात. ते कुठून आले?

त्याची व्यवस्था आधीच झाली होती, आणि माझ्या मते त्या हंगामातला सर्वांत शहाणा निर्णय तोच. प्रत्येक संघाला ६० खेळाडूंचा साठा ठेवायची मुभा होती. सुरुवातीला मुख्य संघात ३०, दोन आठवड्यांनी २८. तो आकडा पुढे २६वर आणायचा होता, पण उद्रेक पाहून २८वरच थांबवला. उरलेले जण दुसऱ्या एखाद्या मैदानावर सराव करत राहायचे. परगावच्या दौऱ्यावर तीन जादा खेळाडू सोबत न्यायचे आणि त्यातला एक कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) असलाच पाहिजे, कारण ऐन वेळी कॅचर उभा करता येत नाही. करोनाच्या खास यादीत टाकलेला खेळाडू ४० जणांच्या मूळ यादीत मोजायचा नाही, म्हणजे त्याची जागा लगेच भरता येते. ही शेवटची तरतूद नसती तर मार्लिन्स पुढच्या आठवड्यात उभेच राहिले नसते.

४ ऑगस्टला बाल्टिमोरमध्ये ते पुन्हा उतरले तेव्हा निम्म्याहून अधिक संघ नवा होता. काही जण फ्लोरिडातल्या ज्युपिटरच्या सराव मैदानावरून आले, काही इतर संघांनी सोडलेले होते. रिलीफ पिचर (सामन्यात मध्येच उतरणारा) रिचर्ड ब्लायर तर ज्या ऑरिओल्सशी खेळायचं होतं त्यांच्याकडूनच घेतला. या नव्या खेळाडूंत एडी अल्वारेझ होता. २०१४च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये शॉर्ट ट्रॅक स्केटिंगच्या रिलेत रौप्यपदक मिळवलेला, मग वर्षानुवर्षं मेजर लीगच्या खालच्या मायनर लीगमध्ये खेळलेला आणि तिशीत पोचलेला माणूस. त्याचं मेजर लीगमधलं पदार्पण ५ ऑगस्टला झालं. मार्लिन्सनी ती चारही सामन्यांची मालिका जिंकली, ३१-२९वर साखळी संपवली आणि बाद फेरीत शिकागोच्या कब्जना हरवलं.

कार्डिनल्सची गोष्ट वेगळी. तिथे १० खेळाडू आणि ८ कर्मचारी बाधित झाले आणि संघ दोन आठवड्यांहून जास्त बंद होता. शिकागोला जायचं तर एका बसमध्ये बसायचं नाही, म्हणून ४१ गाड्या भाड्याने घेतल्या आणि एकेकाने एकेक चालवत नेली. पुढे ४४ दिवसांत ५३ सामने, त्यात ११ डबलहेडर (एकाच दिवशी दोन सामने). हे शक्य झालं ते सात इनिंगच्या डबलहेडरमुळे. नेहमीच्या नऊ-नऊ इनिंगच्या दोन सामन्यांत, इनिंगला तीन बाद धरून, प्रतिस्पर्ध्याचे ५४ जण बाद करावे लागतात, इथे ४२. बारा बाद कमी म्हणजे चार इनिंगची पिचिंग वाचते, आणि डबलहेडरच्या दिवशी एक २९वा खेळाडू घेता येतो. तरीही दोन सामने राहिलेच. डेट्रॉइटशी व्हायचा तो डबलहेडर निकालावर परिणाम करणारा नव्हता, म्हणून सोडून दिला.

पिचरच्या हातांचं मात्र हाल झालं. सामना सुरू करणारा पिचर पहिल्या सरावात वीस-पंचवीस चेंडूंवर थांबतो, मग दर पाचव्या दिवशी साधारण पंधरा वाढवत नव्वदच्या जवळ पोचतो. एरवी त्याला दीड महिना मिळतो. जुलैत मिळाले तीन आठवडे, तेही मार्चमध्ये तयार झालेला हात मधले तीन महिने थंड पडल्यावर. जस्टिन वर्लँडर एका सामन्यानंतर बाहेर पडला, कोरी क्लूबर एका इनिंगनंतर. प्रत्येक दुखापतीचं खापर घाईवर फोडता येणार नाही, दोघांचेही हात आधीच खूप राबलेले होते. पण संघांनी पाचव्या इनिंगलाच पिचर बदलायला सुरुवात केली ती उगाच नव्हे, आणि मग पुन्हा तेच: मागे किती हात आहेत?

आता विजेतेपद. डॉजर्स साखळीत ४३-१७. याच गतीने १६२ सामन्यांत ११६ विजय होतात. पिचर डेव्हिड प्राइसने हंगामातून माघार घेतलेली, पहिल्याच दिवशी पिचर क्लेटन कर्शॉची पाठ धरली आणि त्याच्या जागी डस्टिन मे याला आयत्या वेळी उतरवलं, तरी हा हिशेब. बाद फेरीत त्या वर्षी १६ संघ होते, त्यामुळे एक जादा फेरी. आदल्या वर्षापर्यंत गटविजेत्याला ११ सामने जिंकावे लागत, यांना १३ जिंकावे लागले. याला अर्धं कसं म्हणायचं? शंका घ्यायचीच असेल तर सरासऱ्यांवर घ्या. बॅटिंगच्या किताबासाठी ५०२ऐवजी १८६ वेळा बॅटिंगला येणं पुरेसं होतं. डी. जे. लेमेह्यूची .३६४ आणि आदल्या वर्षी .३२९ असलेल्या ख्रिश्चन येलिचची .२०५ या दोन्ही आकड्यांना एवढ्या छोट्या नमुन्यात जरा सैल हातानेच धरावं.

चाहत्यांच्या वाट्याला काय आलं? पुठ्ठ्याचे चेहरे पैसे भरून खुर्चीत बसवायचे, आणि व्हिडिओ गेममधून घेतलेला गोंगाट ऐकायचा. त्याचं मला काही वाटत नाही. चीड येते ती तिकिटांची. सामने 'रद्द' नाहीत, 'पुढे ढकलले' आहेत असं म्हणत एप्रिलच्या अखेरीपर्यंत परताव्याचा प्रश्न लोंबकळत ठेवला, आणि मग प्रत्येक संघाने आपापलं धोरण ठरवलं. टोरंटोच्या चाहत्यांना तर आपला संघ आपल्या देशातही दिसला नाही. कॅनडाने परवानगी नाकारली, पिट्सबर्गचा बेत पेनसिल्व्हेनिया राज्याने मोडला आणि ब्लू जेज अखेर बफेलोतल्या मायनर लीगच्या मैदानावर खेळले.

बंदिस्त व्यवस्था, ज्याला आपल्याकडे आयपीएलमुळे सगळे 'बबल' म्हणायला लागले, ती मेजर लीगने फक्त बाद फेरीत, तीही तिच्या दुसऱ्या टप्प्यापासून वापरली: कॅलिफोर्निया आणि टेक्सासमधली ठरलेली मैदानं, वर्ल्ड सीरिज म्हणजे अंतिम मालिका आर्लिंग्टनला. साखळीसाठी तीस संघ एका जागी कोंडणं अशक्यच होतं. आयपीएलमध्ये संघ आठ होते, मैदानं यूएईतली तीन. आणि बबल असूनही वर्ल्ड सीरिजच्या शेवटच्या सामन्यात डॉजर्सच्या जस्टिन टर्नरच्या आदल्या नमुन्याचा निकाल सामना सुरू असताना 'अनिश्चित' आला, मग त्या दिवशीचा नमुना घाईने तपासला, तो बाधित. त्याला आठव्या इनिंगला बाहेर काढलं आणि जिंकल्यावर तो मास्क काढून मैदानात फोटोला बसला.

आता ज्यांच्या जिवावर हे सगळं चाललं त्यांच्याकडे येतो. ३० जूनला मायनर लीगचा पूर्ण हंगाम रद्द झाला. साठच्या साठ्यात नाव नसलेल्यांना आठवड्याला ४०० डॉलर. ओकलंडने तेही जूनपासून बंद करायचं ठरवलं होतं, ओरड झाल्यावर माघार घेतली. मेच्या अखेरीस अनेक संघांनी शेकडो खेळाडूंना मुक्त केलं. नवोदितांची निवड ४० फेऱ्यांऐवजी ५ फेऱ्यांत उरकली, आणि निवड न झालेल्या मुलाला जास्तीत जास्त २० हजार डॉलरवर सही करता येत होती. डेव्हिड प्राइसने डॉजर्सच्या मायनर लीगमधल्या प्रत्येक खेळाडूला हजार-हजार डॉलर दिले, हे चांगलंच. पण ते काम संघाचं होतं.

आपल्याकडेही याहून फार वेगळं घडलं नाही. आयपीएल यूएईला नेली, २०२०-२१ची रणजी मात्र रद्द, ८७ वर्षांत पहिल्यांदा. ज्यांचं वर्ष रणजीच्या मॅच फीवर चालतं त्यांना भरपाई जाहीर व्हायला सप्टेंबर २०२१ उजाडला, आणि ती निम्म्या मानधनाची.

मायनर लीगचे संघ २०२०नंतर १६०वरून १२० केले गेले. पायोनियर लीग संलग्न संघांच्या साखळीबाहेर गेली, अ‍ॅपलाचियन लीग कॉलेजच्या मुलांची उन्हाळी स्पर्धा झाली. उरलेले खेळाडू २०२२मध्ये खेळाडू संघटनेत आले आणि २०२३च्या पहिल्या करारात सर्वांत खालच्या स्तराचा वार्षिक पगार ४,८०० डॉलरवरून १९,८००वर गेला, सर्वांत वरच्या स्तराचा, म्हणजे ट्रिपल-एचा, १७,५००वरून ३५,८००वर. मालकांना हे परवडत होतं, हे २०२०मध्येही सगळ्यांना माहीत होतं.